खिडकीसमोरचे वय : 'आय, डॅनियल ब्लेक' आणि 'ला ल्वा द्यु मार्शे' या चित्रपटांतील उतारवयातील नोकरीशोधक

प्रास्ताविक

बेकारी हा विषय मराठी वाचकाला नवा नाही. कादंबरीपासून महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांपर्यंत बेकार नायकाची एक मोठी परंपरा आपल्याकडे आहे. मात्र हा नायक बहुतेक वेळा पंचविशीच्या आसपासचा असतो. त्याच्या हातात पदवी असते, घरी वडील रागावलेले असतात आणि समाजात त्याला अजून जागा मिळालेली नसते. 'सुशिक्षित बेकार' या शब्दप्रयोगातच हे तारुण्य गृहीत धरलेले आहे. याउलट, पन्नाशी ओलांडलेला, तीस-चाळीस वर्षे काम केलेला आणि आजारपणामुळे किंवा कारखाना बंद पडल्यामुळे पुन्हा एकदा काम मागण्यासाठी सरकारी खिडकीसमोर उभा राहिलेला माणूस आपल्या समीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही.

काही वर्षांपूर्वी तृतीय वर्षाच्या वर्गात 'आय, डॅनियल ब्लेक' हा चित्रपट दाखविला असता चर्चेतील पहिलाच प्रश्न असा आला की, या माणसाला या वयात नोकरी कशासाठी हवी आहे? प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचा हेतू वाईट नव्हता. साठीला टेकलेल्या माणसाने काम मागावे ही कल्पनाच त्याला विचित्र वाटली होती. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे.

केन लोच दिग्दर्शित व पॉल लॅव्हर्टी लिखित 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) आणि स्तेफान ब्रिझे दिग्दर्शित 'ला ल्वा द्यु मार्शे' (२०१५, अर्थात 'बाजाराचा कायदा') हे दोन चित्रपट लागोपाठच्या वर्षी कान महोत्सवात दाखविले गेले. लोच यांच्या चित्रपटाला महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ब्रिझे यांच्या चित्रपटातील भूमिकेसाठी व्हँसाँ लँदों यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पहिल्या चित्रपटाचा नायक ५९ वर्षांचा, दुसऱ्याचा ५१ वर्षांचा. दोघांनाही रोजगार साहाय्य देणाऱ्या शासकीय यंत्रणेशी सामना करावा लागतो. पहिला चित्रपट जगभर गाजला, दुसरा तुलनेने कमी पाहिला गेला. तथापि उतारवयातील नोकरीशोधकाचा अनुभव या एका निकषावर पाहता कमी गाजलेला चित्रपट अधिक खोलवर जातो आणि गाजलेला चित्रपट एका महत्त्वाच्या प्रश्नाला वळसा घालतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कचेरीची पार्श्वभूमी

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी त्यांतील कचेरीचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. ब्रिटनमध्ये १९०९ साली श्रम-विनिमय केंद्रांचा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी पहिली केंद्रे उघडली. विन्स्टन चर्चिल तेव्हा व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते आणि केंद्रांची धुरा विल्यम बेव्हरिज यांच्याकडे सोपविण्यात आली. या केंद्रांमागील कल्पना साधी होती. एका बाजूला काम शोधणारा मजूर, दुसऱ्या बाजूला मजूर शोधणारा मालक आणि मध्ये सरकारी कारकून. मजुराने दारोदार हिंडू नये, हा त्यातील मुख्य हेतू.

पुढे या केंद्रांची 'जॉबसेंटर' झाली. १९९६ साली बेकारी भत्त्याच्या जागी 'नोकरीशोधक भत्ता' आला. हा बदल केवळ नावाचा नव्हता. काम नसणे ही स्थिती मागे पडून काम शोधणे ही कृती भत्त्याची अट बनली. २००८ साली आजारी व अपंग व्यक्तींसाठी नवा भत्ता व त्यासाठी कार्यक्षमतेची गुणांवर आधारित चाचणी सुरू झाली. चाचणीचे काम खाजगी कंपनीकडे देण्यात आले. २०१२ च्या सुधारणांनंतर अटी न पाळणाऱ्याचा भत्ता जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत रोखण्याची तरतूद झाली (ही कमाल मर्यादा २०१९ साली सहा महिन्यांवर आणली गेली). २०१३ पासून निर्णयाविरुद्ध अपील करण्यापूर्वी खात्याकडेच फेरविचाराचा अर्ज करणे सक्तीचे झाले. ज्या कचेरीचा जन्म मजुराची पायपीट वाचविण्यासाठी झाला होता, तीच शतकभराने त्याने पुरेशी पायपीट केली की नाही याची तपासणी करू लागली. डॅनियल ब्लेक या तपासणीच्या तावडीत सापडतो.

डॅनियल : आजाराआड गेलेले वय

चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर काहीच नसते. काळ्या पडद्यावर फक्त दोन आवाज ऐकू येतात. चाचणी घेणारी स्त्री ठरावीक प्रश्न विचारते आहे. हात डोक्यापर्यंत उचलता येतो का, ठरावीक अंतर चालता येते का, फोनचे बटण दाबता येते का, अशी ती यादी आहे. डॅनियलला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. तो पुन:पुन्हा सांगतो की बिघाड हृदयात आहे, हातापायांत नाही. पण यादीत हृदय नाही. पंधरा गुण लागतात, त्याला बारा मिळतात. डॉक्टर म्हणतात काम करू नकोस, खाते म्हणते तू काम करण्यास सक्षम आहेस. अपील प्रलंबित असेपर्यंत पोट भरायचे तर नोकरीशोधक भत्ता घ्यावा लागतो आणि तो घ्यायचा तर जी नोकरी तो करूच शकत नाही ती आठवड्याला पस्तीस तास शोधावी लागते. लॅव्हर्टी यांच्या पटकथेचा सारा ताण या एका विसंगतीवर तोललेला आहे आणि ती विसंगती कल्पित नाही, नियमांतून सरळ निघणारी आहे.

कचेरीच्या चित्रणातील लोच यांचा अचूकपणा वादातीत आहे. दूरध्वनीवर पावणेदोन तासांहून अधिक वेळ तेच ते संगीत ऐकत थांबलेला डॅनियल, ग्रंथालयातील संगणकावर अर्ज भरताना माऊस वर न्या असे सांगितल्यावर तो उचलून पडद्याला लावणारा डॅनियल, मुदत संपल्यामुळे अर्ज पुसला गेल्यावर हताश होणारा डॅनियल, ही दृश्ये पाहणारा हसतो आणि लगेच ओशाळतो. येथे स्टँडअप विनोदकार असलेल्या डेव्ह जॉन्स यांची निवड फार उपयोगी पडली आहे. त्यांचा डॅनियल केविलवाणा होत नाही. सर्व काही संगणकावरच करावे लागते असे सांगणाऱ्याला तो पेन्सिलीच्या भाषेत उत्तर देतो. चाळीस वर्षे लाकडावर खुणा करणाऱ्या सुताराच्या हातात पेन्सिल असणे स्वाभाविकच होय.

बायोडाटा लिहिण्याच्या कार्यशाळेचे दृश्य या संदर्भात विशेष लक्षणीय आहे. मार्गदर्शक सांगतो की थोड्या जागांसाठी प्रचंड अर्ज येतात, म्हणून तुमचा अर्ज उठून दिसला पाहिजे. डॅनियल साधा हिशेब मांडतो : जागाच कमी असतील तर अर्ज कितीही उठावदार झाले तरी बहुतेकांच्या पदरी निराशाच येणार. या हिशेबाला मार्गदर्शकाकडे उत्तर नाही. बेकारी हा जणू अर्जदाराच्या सादरीकरणातील दोष आहे, अशी या सेवांमागील सारी धारणा डॅनियल एका वाक्यात उघडी पाडतो. पुढे तो हाताने लिहिलेला बायोडाटा घेऊन खरोखर दुकाने व कार्यशाळा हिंडतो. परंतु तेथे गेल्याचा पुरावा नाही म्हणून जॉबसेंटरमधील शीला त्याचे म्हणणे ग्राह्य धरत नाही.

येथपर्यंत चित्रपटाची पकड घट्ट आहे. परंतु याच फेरफटक्यातून जे निष्पन्न होते त्याकडे समीक्षकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. डॅनियलला नोकरी मिळते! त्याचा बायोडाटा वाचून एक व्यावसायिक त्याला फोन करतो व काम देऊ करतो. आजारपणामुळे ते घेता येत नाही असे डॅनियलने सांगताच तो माणूस संतापतो आणि त्याला ऐतखाऊ समजतो. नाट्यदृष्ट्या हा प्रसंग जोरकस आहे, कारण प्रामाणिक माणूस नियमामुळे लबाड ठरतो. पण वास्तवाच्या दृष्टीने काय घडले? ५९ वर्षांच्या, संगणक न येणाऱ्या, हस्तलिखित बायोडाटा देणाऱ्या सुताराला बाजाराने सहज स्वीकारले. त्याच्या मार्गातला अडथळा फक्त त्याचे हृदय आणि कचेरी एवढाच उरला.

उतारवयातील बहुसंख्य नोकरीशोधकांची व्यथा नेमकी याच्या उलट असते. त्यांची प्रकृती ठीक असते, काम करण्याची तयारी असते, अनुभव असतो आणि फोन येत नाही. ब्रिटनमध्ये वयाधारित भेदभाव कायद्याने निषिद्ध आहे. सक्तीच्या निवृत्तीचे सर्वसाधारण वय २०११ साली रद्द झाले. २०१५ पासून जॉबसेंटरमध्ये पन्नाशीपुढील अर्जदारांसाठी खास मार्गदर्शक नेमण्याचीही सुरुवात झाली. म्हणजे प्रश्न शासनालाही ठाऊक होता. पण लोच यांच्या चित्रपटात वय हे नकाराचे कारण म्हणून एकदाही समोर येत नाही. डॅनियल वयस्क आहे हे आपल्याला त्याच्या संगणकाशी होणाऱ्या झटापटीतून कळते. अर्थात वय येथे संगणकाच्या अज्ञानापुरते मर्यादित होते आणि बाकीची सारी जागा आजार व्यापतो.

असे का झाले असावे? याचे उत्तर लोच यांच्या राजकीय हेतूत सापडते. त्यांना असा पीडित हवा होता की ज्याच्याविरुद्ध कोणालाही बोट दाखविता येऊ नये. नुसता वयस्क बेकार उभा केला असता तर प्रेक्षकातून कोणीतरी म्हणाले असते की त्याने काही नवे शिकावे, कमी पगारावर काम करावे. हृदयविकाराच्या रुग्णाला असे म्हणता येत नाही. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर माजी मंत्री इयान डंकन स्मिथ यांनी जॉबसेंटरच्या कर्मचाऱ्यांवर अन्याय झाल्याची टीका केली, तर विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी संसदेत पंतप्रधानांना हा चित्रपट पाहण्याचा सल्ला दिला. वाद झाला तो कर्मचारी खरोखर इतके निर्दय असतात का, यावर. (खरे तर ॲन या कर्मचारी स्त्रीचे पात्र पाहिले असते तरी टीकेतील अर्धी हवा गेली असती. ती डॅनियलला अर्ज भरण्यास मदत करते आणि त्यासाठी वरिष्ठांची बोलणी खाते.) पन्नाशीनंतर काम कोण देते, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारला नाही, कारण चित्रपटाने तो विचारलेला नव्हता.

तिएरी : देहबोलीचा वर्ग

ब्रिझे यांचा चित्रपट नेमका या प्रश्नापासून सुरू होतो. पहिल्याच दृश्यात तिएरी 'पोल आंप्लवा' या फ्रेंच रोजगार संस्थेच्या सल्लागारासमोर बसलेला आहे. (२००८ साली दोन जुन्या संस्थांच्या विलीनीकरणातून आलेल्या या संस्थेचे नाव जानेवारी २०२४ पासून 'फ्रान्स त्रावाय' झाले.) तिएरीने सांगितल्याप्रमाणे क्रेन चालविण्याचे प्रशिक्षण घेतले. ते संपल्यावर त्याला कळते की बांधकामाचा पूर्वानुभव नसलेल्याला क्रेनवर कोणी घेत नाही. मग मला तिकडे पाठविलेच कशाला, असे तो विचारतो. सल्लागार उद्धट नाही, तो ऐकून घेतो, पुढच्या प्रशिक्षणाचा विषय काढतो. लोच यांच्या चित्रपटात खाते शत्रुपक्षात असते. येथे ते विनम्र आहे आणि निरुपयोगी आहे. या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेविरुद्ध रागावणे अधिक कठीण असते आणि लँदों यांचा संयत अभिनय ती कुचंबणा अचूक पकडतो.

यानंतर दोन प्रसंग येतात. पहिल्यात तिएरी घरातल्या संगणकावर मुलाखत देतो. मुलाखत घेणारा आपल्याला दिसत नाही. पूर्वीपेक्षा खालच्या पदावर, कमी वेतनावर काम कराल का, वेळेबाबत लवचीक राहाल का, असे प्रश्न येतात. तिएरी प्रत्येकाला होकार देतो. अखेरीस, तुमचा बायोडाटा नीट लिहिलेला नाही आणि निवड होण्याची शक्यता अगदीच कमी आहे, असे त्याला शांतपणे सांगितले जाते. सर्व अटी मान्य करूनही नकार मिळतो, तेव्हा नकाराचे कारण अटींमध्ये नव्हते हे उघड होते. ते कारण कोणी उच्चारत नाही.

दुसरा प्रसंग मला या विषयावरील साऱ्या चित्रपटीय वाङ्मयात सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. नोकरीशोधकांच्या कार्यशाळेत तिएरीच्या सरावाच्या मुलाखतीचे चित्रीकरण सर्वांना दाखविले जाते आणि त्यावर मत देण्यास सांगितले जाते. मत देणारे अधिकारी नाहीत, त्याच्यासारखेच बेकार आहेत. एक म्हणतो की तो खुर्चीत सैल बसला आहे. कोणाला त्याच्या सदऱ्याची उघडी गुंडी खटकते. तो हसत नाही, आवाजात उत्साह नाही, समोरच्याशी आपलेपणा नाही, अशी टिपणी होत जाते. तिएरी मान हलवत ऐकतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलत नाही. लँदों वगळता चित्रपटातील बहुतेक माणसे व्यावसायिक नट नाहीत. त्यामुळे ही टीका पाठ केलेल्या संवादासारखी वाटत नाही, आणि म्हणूनच ती अधिक लागते.

या यादीतील प्रत्येक दोष नीट पाहावा. सैल बसणे, कमी हसणे, आवाजातील मंदपणा. यांतील कोणती गोष्ट यंत्रावर काम करण्याच्या कौशल्याशी संबंधित आहे? पंचविशीच्या मुलाने हे केले असते तर त्याला बेफिकीर म्हटले असते. एकावन्नाव्या वर्षी हे सारे थकवा म्हणून वाचले जाते. वय हा शब्द कार्यशाळेत निघत नाही, निघूही शकत नाही, पण प्रत्येक सूचना वय कसे झाकावे याचीच आहे. ज्याने तीन दशके देहाने काम केले त्याला आता तोच देह कसा दाखवावा याचे धडे घ्यावे लागतात, आणि ते धडे देणारे त्याच्याच रांगेतले, उद्या त्याच खुर्चीत बसणारे लोक आहेत.

त्याआधीच्या एका ब्रिटिश चित्रपटाशी याची तुलना उद्बोधक ठरेल. पीटर कॅटॅनिओ यांच्या 'द फुल माँटी' (१९९७) मध्ये शेफील्डच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातील कामगार 'जॉब क्लब'मध्ये जमतात. तेथे अर्ज भरायचे असतात, पण बहुतेक जण पत्ते कुटतात. त्यांतील एकटा जेराल्ड हा जुना फोरमन गंभीरपणे अर्ज भरतो. त्याने नोकरी गेल्याचे सहा महिने पत्नीला सांगितलेले नाही. चित्रपट विनोदी आहे, तरी जेराल्डची लाज खरी आहे. महत्त्वाचे हे की त्या खोलीत माणसे एकमेकांची टिंगल करतात, भांडतात, पण एकमेकांना गुण देत नाहीत. ब्रिझे यांच्या कार्यशाळेपर्यंत येताना बेकारांचा समूह परीक्षक मंडळात बदललेला आहे.

पुढे तिएरीला काम मिळते ते एका मोठ्या दुकानात सुरक्षारक्षकाचे. कॅमेऱ्यांच्या पडद्यांवरून ग्राहकांवर आणि पुढे सहकाऱ्यांवरही नजर ठेवायची. ग्राहकांनी टाकलेली सवलतीची कूपने ठेवून घेतली म्हणून एका जुन्या कॅशियर बाईला काढून टाकले जाते आणि ती आत्महत्या करते. आणखी एका कॅशियरला पकडले जाते तेव्हा तिएरी काहीही न बोलता निघून जातो. हा शेवट आणि लोच यांचा शेवट यांत मोठे अंतर आहे. त्याचा विचार पुढे येईल.

मराठी संदर्भ

वर उल्लेख केलेल्या वर्गात ब्रिझे यांच्या चित्रपटाचेही काही प्रसंग दाखविले होते. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. तिचे वडील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात यंत्र चालवीत असत. कारखाना बंद झाला तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. अनेक ठिकाणी विचारणा केल्यावर शेवटी एका गृहसंकुलात रात्रपाळीच्या वॉचमनचे काम मिळाले. तिने विचारले की तिकडेही असेच वॉचमन करतात का? ज्याच्या हातचे कौशल्य नाकारले जाते त्याला पहाऱ्यावर उभे करण्याची ही पद्धत फ्रान्स आणि महाराष्ट्र यांत इतकी सारखी असावी, हे तिच्याइतकेच मलाही नवे होते.

मात्र एक मूलभूत फरक आहे. तिच्या वडिलांसमोर खिडकी नव्हती. आपल्याकडे १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे बंधनकारक झाले, तेथूनच उमेदवार घेण्याचे बंधन मात्र नव्हते. 'एम्प्लॉयमेंटचे कार्ड' काढणे हा पदवीनंतरचा एक विधी होता. या कार्यालयाचे नाव पुढे 'रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र' असे झाले, नंतर त्यात कौशल्य विकास व उद्योजकता हे शब्दही आले. तरी त्याच्या पायरीवर अपेक्षित असलेला माणूस तरुणच राहिला. राज्य शासनाच्या सेवेत प्रवेशासाठी खुल्या प्रवर्गाला ३८ व मागासवर्गीयांना ४३ अशी सर्वसाधारण वयोमर्यादा २०१६ साली ठरली. दुसऱ्या टोकाला, २०२१ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने साठीपुढील नागरिकांच्या पुनर्रोजगारासाठी संकेतस्थळ सुरू केले. या दोहोंमधल्या माणसाला, म्हणजे तिएरीला आणि डॅनियललाही, आपल्या धोरणाच्या भाषेत वेगळे नाव नाही. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर चाळिशी गाठलेल्या सहकाऱ्यांना याचे स्पष्टीकरण देण्याची गरज नसावी.

१९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईत मोठ्या संख्येने प्रौढ कामगार बेकार झाले. जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) हे नाटक त्या पडझडीचे मराठीतील सर्वांत समर्थ नाट्यरूप मानले जाते. ते धुरी कुटुंबाच्या खोलीत घडते. त्यात कचेरी नाही आणि ती असण्याचे कारणही नाही. गिरणी कामगाराला कामावरून उठविल्यावर त्याची पुढची फाइल कोणत्याही टेबलावर नव्हती. त्यामुळे लोच व ब्रिझे यांचे नायक खिडकीशी ज्या त्वेषाने वा मुकाट्याने झगडतात, तो झगडा मराठी नाटकात घराच्या चार भिंतींत, आई व मुले यांच्यात फिरत राहतो. युरोपीय चित्रपटात कचेरी खलनायक होऊ शकते, कारण तिने कधीकाळी काही वचन दिलेले होते. हा भेद लक्षात न घेता 'आय, डॅनियल ब्लेक'ला आपल्याही वास्तवाचा आरसा म्हणणारी परीक्षणे उत्साही वाटतात, अचूक वाटत नाहीत.

डॅनियलचा शेवट

अपिलाच्या सुनावणीच्या दिवशी डॅनियलचा सल्लागार त्याला जवळजवळ खात्री देतो की निकाल त्याच्या बाजूने लागेल. डॅनियल तोंडावर पाणी मारण्यासाठी प्रसाधनगृहात जातो आणि तेथेच कोसळतो. अनेकांनी हा शेवट अटळ म्हणून गौरविला आहे. १९८२ साली बीबीसीवरून प्रसारित झालेल्या ॲलन ब्लीसडेल यांच्या 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' या मालिकेतही जुना गोदी कामगार जॉर्ज मलोन शेवटच्या भागात मरतो. ब्रिटिश कामगारकथेत वडीलधाऱ्याच्या मृत्यूने पडदा पडणे ही जणू रूढीच झाली आहे. जॉर्जच्या मृत्यूत मात्र लिव्हरपूलच्या गोदीचा अस्त सामावलेला होता, त्याच्याबरोबर एक जगच संपत होते. डॅनियलच्या मृत्यूने एक प्रकरण निकालात निघते.

तो जगला असता आणि जिंकला असता तर? त्याच्या वयाच्या पुरुषाला सरकारी पेन्शन सहासष्टाव्या वर्षी मिळणार होती. म्हणजे सात वर्षे. काही काळ आजारपणाचा भत्ता, मग पुन्हा चाचणी, प्रकृती सुधारली तर पुन्हा तीच कार्यशाळा. त्या सात वर्षांची कथा सांगताना लोच यांना अपरिहार्यपणे वयाच्या प्रश्नाशी येऊन थांबावे लागले असते. मृत्यूने त्यांची त्यातून सुटका केली आहे. याउलट तिएरी दुकानातून बाहेर पडून गाडी सुरू करतो तेव्हा त्याच्यापुढे ती सर्व वर्षे तशीच उभी असतात. अपंग मुलाचे शिक्षण आहे, घराचे हप्ते आहेत, आणि उद्या पुन्हा त्याच सल्लागारासमोर बसायचे आहे. प्रेक्षकाला रडू येत नाही. प्रेक्षक हिशेब करू लागतो. हे ब्रिझे यांचे यश आहे.

एवढे म्हटल्यावरही लोच यांच्या चित्रपटातील एक धागा या टीकेतून सुटून जातो, त्याची नोंद करणे प्रामाणिकपणाचे होईल. लंडनहून आलेल्या, दोन मुलांची आई असलेल्या केटीच्या पडक्या घरात डॅनियल दुरुस्त्या करतो, खिडक्यांतून येणारी थंडी अडवितो, तिच्यासाठी पुस्तकांचे कपाट बनवितो, मुलांसाठी लाकडी मासे कोरतो. चित्रपटभर तो काम करीत असतो. जॉबसेंटरच्या कोणत्याही रकान्यात हे काम बसत नाही, त्याबद्दल पुरावा मागितला जात नाही आणि मोबदलाही मिळत नाही. घरातले सामान विकून टाकतानाही तो आपली हत्यारे विकत नाही. केटी पोटासाठी देहविक्रयाकडे वळते आणि डॅनियल तिला शोधत तेथे पोहोचतो, तेव्हा त्याला आठवते ते त्याने तिच्यासाठी केलेले कपाट. उतारवयातील माणसाकडे काय असते आणि सेवा त्याच्याकडे काय मागतात, यांतील अंतर येथे एकाही भाषणाशिवाय दिसते. वयाबद्दल चित्रपट जे बोलून दाखवीत नाही, ते त्याचे हात दाखवितात.

अंत्यविधी सकाळी नऊला होतो. ती वेळ सर्वांत स्वस्त असते, असे केटी सांगते. सुनावणीत वाचण्यासाठी डॅनियलने लिहून आणलेला कागद ती वाचून दाखविते. मी ग्राहक नाही, लाभार्थी नाही, पडद्यावरचा ठिपका नाही, नागरिक आहे, असा त्याचा आशय आहे. कागद पेन्सिलीने लिहिलेला आहे.